सहा दिवसांत पाच सामने: सवानीचा १८९९चा हंगाम आणि आजची मुलं

प्रश्न डॅलसजवळ राहणाऱ्या एका मराठी आईचा आहे. मुलगा दहावीत, शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघात. सरावानंतर मुलं पाय धरून बसली होती, तेव्हा प्रशिक्षकांनी त्यांना एक गोष्ट सांगितली. १८९९ साली सवानी नावाच्या एका चिमुकल्या कॉलेजचा संघ आगगाडीने निघाला, सहा दिवसांत पाच सामने खेळला, पाचही जिंकला आणि पाच सामन्यांत मिळून प्रतिस्पर्ध्यांना एकही गुण मिळाला नाही. "आणि तुम्ही एका सामन्यानंतर लंगडता!" आईचं विचारणं असं: ही गोष्ट खरी आहे का? आणि खरी असेल तर आजच्या मुलांना ते का झेपू नये?

मी क्रीडा-फिजिओथेरपिस्ट आहे. आधी महाराष्ट्रात कबड्डीच्या संघांबरोबर काम केलं, नंतर इथे कॉलेज फुटबॉलच्या खेळाडूंबरोबर. सवानीचा हा हंगाम माझ्या फार आवडीचा विषय आहे, म्हणून उत्तर लांबणार.

गोष्ट खरी आहे. अक्षरशः खरी. तारखा आणि गुण नोंदलेले आहेत. ९ नोव्हेंबर, गुरुवार, ऑस्टिन: टेक्सस विद्यापीठावर १२–०. १० नोव्हेंबर, ह्यूस्टन: टेक्सस ए अँड एमवर १०–०. ११ नोव्हेंबर, न्यू ऑर्लिन्स: टुलेनवर २३–०. १२ तारखेला रविवार, सुट्टी. १३ नोव्हेंबर, बॅटन रूज: लुईझियाना स्टेटवर ३४–०. १४ नोव्हेंबर, मेम्फिस: मिसिसिपी विद्यापीठावर, म्हणजे ज्याला सगळे ओल मिस म्हणतात त्यांच्यावर, १२–०. एकूण प्रवास सुमारे २५०० मैल, म्हणजे चार हजार किलोमीटरच्या आसपास, तोही आगगाडीने आणि बराचसा रात्रीचा. पूर्ण हंगामात बारा सामने, बारा विजय, ३२२ गुण केले आणि १० दिले. ते दहाच्या दहा एकाच सामन्यात, ऑबर्नविरुद्ध.

सवानी म्हणजे टेनेसी राज्यात कंबरलँडच्या पठारावर वसलेलं गाव. कॉलेजचं खरं नाव युनिव्हर्सिटी ऑफ द साउथ. एपिस्कोपल चर्चचं हे विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झालं, पण मधल्या यादवी युद्धामुळे वर्ग भरायला १८६८ उजाडलं. विद्यार्थी मोजकेच. अशा ठिकाणाहून हा संघ का निघाला, हे आधी समजून घ्या, कारण त्याचा पराक्रमाशी फारसा संबंध नव्हता. संबंध होता पैशाशी. सवानीचा नेहमीचा मोठा सामना नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्टशी व्हायचा आणि त्याच्या तिकिटांच्या पैशावर संघाचा खर्च निघायचा. त्या वर्षी या पैशाच्या वाटपावरून दोघांचं फाटलं आणि सामनाच झाला नाही. मग ती तूट भरून काढायला ल्यूक ली या विद्यार्थी व्यवस्थापकाने हा दौरा आखला. दूरच्या शहरांत जायचं तर एका सामन्यासाठी गाडीभाडं परवडणार नाही, म्हणून एकाच फेरीत जितके सामने बसवता येतील तितके बसवले. सहा दिवसांत पाच सामने हा आकडा असा हिशेबातून आला. खेळाडूंच्या छातीत किती दम आहे हे बघायला कुणी तो ठरवला नव्हता.

हा ल्यूक ली तेव्हा वीस वर्षांचा होता. पुढे त्याने नॅशव्हिलमध्ये 'टेनेसियन' हे वर्तमानपत्र काढलं, अमेरिकेच्या सिनेटवर निवडून गेला, आणि पहिलं महायुद्ध संपल्यावर जानेवारी १९१९ मध्ये काही सोबत्यांना घेऊन हॉलंडमध्ये आश्रयाला असलेल्या जर्मन कैसरला पळवून आणायला गेला. ते जमलं नाही, पण माणूस कसा होता हे कळतं. मला त्याचं कौतुक वेगळ्याच गोष्टीचं आहे. त्याने सवानीच्या झऱ्याचं पाणी पिंपांत भरून गाडीत चढवलं होतं. विषमज्वर आणि हगवण यांनी माणसं मरायची तो काळ. पाच शहरांचं पाणी पिऊन दोन मुलं जरी आडवी झाली असती तरी दौरा तिथेच आटोपला असता. आजही परदेशी स्पर्धेला संघ नेताना मी पहिली चौकशी पाण्याची आणि जेवणाची करते. विशीतल्या पोराला हे १८९९ मध्ये सुचलं याचा मला दर वेळी आनंद होतो. त्याच प्रवासात खेळाचे बूट मात्र मागे स्टेशनवरच राहिले होते असं सांगतात. तार करून ते मागच्या गाडीने मागवले आणि वेळेत पोहोचले.

आता ते जमलं कसं, याकडे येते.

पहिली गोष्ट, तो खेळ आजचा नव्हता. १८९९च्या नियमांत चेंडू पुढे फेकायला, म्हणजे फॉरवर्ड पासला, बंदी होती. तीन प्रयत्नांत पाच यार्ड पुढे सरकायचं. आज चार प्रयत्नांत दहा. टचडाउनला, म्हणजे चेंडू घेऊन प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या रेषेपलीकडे गेलं की, पाच गुण, त्यानंतरच्या किकला एक, आणि मैदानातून गोल मारला तर तेही पाचच. खेळाची लांबी नियमाने ३५ मिनिटांचे दोन भाग, पण दोन्ही बाजूंच्या संमतीने ती कमी करायची सर्रास पद्धत होती. चेंडू हातात घेऊन घोळक्याने रेटायचं, नाही जमलं तर लांब किक मारून प्रतिस्पर्ध्याला मागे ढकलायचं, हा सगळा डाव. सवानीचा फुलबॅक, म्हणजे मागच्या फळीतला खेळाडू, ऑरमंड सिम्किन्स याच लांब किकसाठी नावाजलेला होता. चांगला किक मारणारा असला की बाकीच्यांचं निम्मं रेटणं वाचतं, आणि लागोपाठच्या सामन्यांत हे वाचलेलं रेटणं फार मोलाचं असतं.

शरीराच्या दृष्टीने याचा अर्थ काय? आजचा फुटबॉलपटू पूर्ण वेगाने पळतो, एकदम थांबतो, वळतो, पुन्हा सुटतो. मांडीच्या स्नायूंवर मोठा ताण अशा पळण्या-थांबण्याने येतो आणि ते भरून यायला दिवस लागतात. तेव्हाच्या खेळात मोकळ्या मैदानातलं पळणं कमी आणि रेटारेटी जास्त होती. रेटारेटीने माणूस दमतो, सोलवटतो, काळानिळा होतो. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा रेटू शकतो. कबड्डी पाहिलेल्यांना हे लगेच पटेल. जिल्हा किंवा राज्य स्पर्धेत आपले संघ लागोपाठ दिवस खेळतात, आणि साखळी करून पकड करणारा कोपऱ्यातला खेळाडू तिसऱ्या दिवशीही उभा असतो, पण चढाई करणाऱ्याचे पाय तोवर जड झालेले असतात.

दुसरं, माणसांचं वजन. आज कॉलेजच्या पुढच्या फळीतले खेळाडू १३०–१४० किलोंचे सर्रास असतात. १८९९ मध्ये असा माणूस मैदानात नव्हताच. हलक्या माणसांच्या, जवळून झालेल्या टकरींचा भार वेगळा. मात्र हेल्मेट नव्हतं, आणि बदली खेळाडूचा नियम असा की एकदा बाहेर गेलेला पुन्हा आत येऊ शकत नाही. म्हणून दुखलं तरी माणूस आतच राहायचा. दौऱ्यावर २१ खेळाडू होते; त्यांतलेच अकरा जण चढाईलाही आणि बचावालाही. आजच्यासारखे वेगवेगळे ताफे नव्हते.

तिसरं, प्रतिस्पर्धी. दक्षिणेत हा खेळ तेव्हा कोवळा होता. टेक्सस, टुलेन आणि लुईझियाना स्टेट यांचे पहिले संघ १८९३चे, टेक्सस ए अँड एमचा १८९४चा. सवानी १८९१ पासून खेळत होतं आणि त्यांचा प्रशिक्षक बिली सूटर प्रिन्स्टनच्या मैदानावर तयार झालेला, म्हणजे ज्या ईशान्येत हा खेळ घडला तिथलं शिक्षण घेऊन आलेला. तरीही पाचही संघ त्या दिवशी ताजेतवाने होते आणि सवानीवाले रात्र गाडीत काढून उतरलेले, हे विसरू नका.

चौथं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं, आणि गोष्ट सांगताना तेच गळतं. संघाबरोबर कॅल बरोज नावाचा एक कृष्णवर्णीय माणूस होता. त्याचं काम खेळाडूंना मालिश करणं, तेल-लिनिमेंट चोळणं, सुजलेलं बांधणं. माझा व्यवसाय तेव्हा या नावाने अस्तित्वातच नव्हता. जो होता तो बरोजसारख्यांच्या हातांत होता. काळ कसला? रेल्वेच्या डब्यांत गोऱ्या-काळ्यांना वेगळं बसवणारा लुईझियानाचा कायदा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९६ मध्ये वैध ठरवला होता, आणि हा संघ त्याच लुईझियानातून प्रवास करत होता. या दौऱ्याच्या कहाण्यांत कर्णधार, प्रशिक्षक, व्यवस्थापक यांच्यावर पानं भरतात आणि बरोजला एखादी ओळ मिळते. माझ्या अनुभवात, लागोपाठ सामने असलेल्या स्पर्धेत रात्री दहाला कुणाचा घोटा कोण बघतंय यावर सकाळचा संघ ठरतो. एकवीस जणांची अंगं चालत्या गाडीत सलग रात्री चोळून उभी करणं हे काय काम असतं, ते मला माहीत आहे. मुलांना ही गोष्ट सांगायचीच असेल तर बरोजसकट सांगावी.

आणि पाचवं, रविवार. न्यू ऑर्लिन्सचा सामना शनिवारी झाला. चर्चचं विद्यापीठ, त्यामुळे रविवारी खेळायचा प्रश्नच नव्हता. जबर श्रमानंतर स्नायूंमधला साखरेचा साठा नीट खाल्लं तर साधारण एका दिवसात भरत येतो. स्नायूंना इजा झाली असेल तर जास्त वेळ लागतो. अंग सर्वांत जास्त दुखतं ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. म्हणजे गुरुवारच्या सामन्याची ठणक शनिवार-रविवारी ऐन भरात असणार. नेमकी तेव्हाच एक पूर्ण दिवसाची विश्रांती पडली, आणि सोमवारी दौऱ्यातली सर्वांत मोठी गुणसंख्या झाली, ३४. समोरचा संघ कमकुवत असणं हेही त्याचं कारण असू शकतं. पण कार्यक्रम आखणाऱ्याच्या नजरेने पाहिलं तर त्या सहा दिवसांतला सर्वांत उपयोगी दिवस मला तो रविवारच वाटतो. तुमच्या प्रशिक्षकांच्या गोष्टीत तो होता का, विचारा मुलाला.

तरी माझ्या मते या हंगामातली सर्वांत अवघड कामगिरी ही पाच सामन्यांची नाही. ती नोव्हेंबरच्या शेवटी आहे, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. दौऱ्यावरून परत आल्यावर २० नोव्हेंबरला कंबरलँड विद्यापीठावर ७१–० असा एकतर्फी विजय मिळाला. मग ३० नोव्हेंबरला, थँक्सगिव्हिंगच्या दिवशी, माँटगोमेरीत ऑबर्नशी गाठ पडली. ऑबर्नचा प्रशिक्षक होता जॉन हाइसमन. हो, ज्याच्या नावाची ट्रॉफी आज कॉलेजच्या सर्वोत्तम खेळाडूला मिळते तोच. हाइसमनचा संघ वेगवान होता आणि त्याने सवानीला अक्षरशः घामाघूम केलं. सामना सवानीने ११–१० असा जिंकला. गुणांचा हिशेब बघा: टचडाउनचे पाच, वरच्या किकचा एक. एका किकच्या अंतराने हा हंगाम वाचला. आणि त्यानंतर अवघ्या दोन दिवसांनी, २ डिसेंबरला, अटलांटात नॉर्थ कॅरोलायनाशी सामना. तिथे ५–०, सिम्किन्सच्या पायाच्या जोरावर. एका ताकदवान संघाशी शेवटपर्यंत झुंजून, प्रवास करून, अठ्ठेचाळीस तासांत दुसऱ्या ताकदवान संघाशी पुन्हा तसंच झुंजणं, तेही अख्खा हंगाम अंगावर साचलेला असताना! ओल मिसला हरवताना पाय दुखत असतील, पण या दोन सामन्यांत प्रत्येक चुकीची किंमत हंगामाएवढी होती. प्रशिक्षकांना चिकाटीचं उदाहरण हवंच असेल तर मी हे देईन.

एक आठवण अजून करून देते. ऑक्टोबरमध्येही याच संघाने अटलांटात २१ तारखेला जॉर्जियाला १२–० आणि २३ तारखेला जॉर्जिया टेकला ३२–० हरवलं होतं. नंतर टेनेसी विद्यापीठावर ४६–०, साउथवेस्टर्न प्रेस्बिटेरियनवर ५४–०. म्हणजे नोव्हेंबरचा दौरा काही अचानक अंगावर आलेला नव्हता. एका फेरीत दोन सामने खेळायची सवय आधी झाली, मधे दोन सोपे विजय मिळाले, आणि मग मोठा भार आला. ठरवून केलं असो वा योगायोगाने, पण भार वाढवायची ही पायरी बरोबर होती.

आता किंमत. ऑस्टिनच्या पहिल्याच सामन्यात कर्णधार हेन्री सायबल्सचं डोकं फुटलं. जखमेवर पट्टी चिकटवून तो खेळत राहिला आणि पुढचे सामनेही खेळला. ही घटना शौर्य म्हणून सांगतात. मला ती वाचताना पोटात गोळा येतो. डोक्याला मार लागल्यावर मेंदू सावरला नसताना दुसरा मार बसला तर कोवळ्या वयात तो जिवावर बेतू शकतो. सायबल्स वाचला, दीर्घ आयुष्य जगला, १९७३ मध्ये कॉलेज फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नावही आलं. ते त्याचं दैव. सिम्किन्सचं दैव असं नव्हतं. ज्या पायांनी नॉर्थ कॅरोलायनाला हरवलं ते पाय खेळातल्या दुखापतींपायी पुढे कापावे लागले, आणि १९२१ मध्ये तो गेला. ज्या पिढीला आपण 'पोलादी' म्हणतो तिच्यातला हाही एक माणूस.

तो एकटा नव्हता. घोळक्याने रेटायच्या त्या खेळाने पुढच्या काही वर्षांत इतके बळी घेतले की १९०५ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या मंडळींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतलं. त्या हंगामात १८ मृत्यू झाल्याची नोंद तेव्हाच्या वृत्तपत्रांनी केली. १९०६ मध्ये नियम बदलले: फॉरवर्ड पासला परवानगी मिळाली, पाच यार्डांऐवजी दहा यार्डांची अट आली, दोन फळ्यांमध्ये मोकळी जागा ठेवणं सक्तीचं झालं. कॉलेजच्या खेळांचा कारभार बघणारी आजची एनसीएए ज्या संघटनेतून आली तीही याच धामधुमीत जन्मली. १८९९चा खेळ टिकाऊ होता असं कुणाला वाटत असेल, तर तो खेळणाऱ्यांनीच सात वर्षांत मोडून नव्याने बांधला.

सवानीचंही पुढे काय झालं ते सांगते. १९३०च्या दशकात साउथईस्टर्न कॉन्फरन्स, म्हणजे आपसांत सामने खेळणाऱ्या दक्षिणेतल्या विद्यापीठांची संघटना, स्थापन झाली तेव्हा सवानी तिच्या संस्थापक सदस्यांत होतं. तिथे त्यांनी सदतीस सामने खेळले, एकही जिंकता आला नाही, आणि १९४० मध्ये ते बाहेर पडले. ज्या लुईझियाना स्टेट, ओल मिस, टुलेनला त्यांनी लागोपाठ लोळवलं होतं, ते आकाराने आणि पैशाने कुठल्या कुठे गेले. सवानी आजही फुटबॉल खेळतं, पण खेळाची शिष्यवृत्ती न देणाऱ्या छोट्या कॉलेजांच्या विभागात. मला हा निर्णय शहाणपणाचा वाटतो.

आता तुमच्या मुलाबद्दल. सवानीचे काही खेळाडू धर्मशास्त्रासारख्या वरच्या विभागांतले विद्यार्थी होते, म्हणजे विशीतले पुरुष. तुमचा मुलगा पंधराचा. या वयात हाडांच्या टोकांशी वाढीच्या पट्ट्या अजून उघड्या असतात आणि स्नायू जिथे हाडाला धरतो ती जागा स्नायूपेक्षा नाजूक असते. गुडघ्याखाली, टाचेला, कंबरेच्या हाडाशी होणारं सततचं दुखणं हे या वयाचं खास दुखणं आहे. दटावून ते जात नाही, भार कमी केल्यावर जातं. सामन्यानंतर दोन दिवस दोन्ही मांड्या सारख्या दुखत असतील तर काळजी नको. एकाच बाजूचं, एकाच बोटाने दाखवता येईल असं दुखणं असेल, किंवा मुलगा चालताना लंगडत असेल, तर तपासून घ्या. लंगडणं हे आळशीपणाचं लक्षण मी आजवर कुठल्याही मुलात पाहिलेलं नाही.

डोक्याच्या बाबतीत तुमच्या हातात कायदा आहे. टेक्ससमध्ये मेंदूला धक्का बसल्याचा संशय आला तर शाळेच्या खेळाडूला त्याच क्षणी बाहेर काढावं लागतं आणि त्या दिवशी तो परत खेळू शकत नाही. पुढे परत खेळवायचं तर डॉक्टरांचं लेखी पत्र आणि पालकांची सही, दोन्ही लागतात. ती सही घाईने करू नका. डोकेदुखी, उजेडाचा त्रास, अभ्यासात लक्ष न लागणं, नेहमीपेक्षा जास्त चिडचिड, यांतलं काहीही उरलं असेल तर थांबा.

प्रशिक्षकांशी बोलताना गोष्ट खोटी आहे असं म्हणू नका, कारण ती खोटी नाही आणि त्यांनी ती प्रेमानेच सांगितली असणार. त्यांना विचारा की आठवड्यात पूर्ण टक्कर देऊन होणारा सराव किती वेळ असतो, सामन्याच्या दुसऱ्या दिवशी मुलं काय करतात, आणि मैदानावर मुलाला बाहेर काढायचा शेवटचा अधिकार कुणाकडे आहे. तिसऱ्या प्रश्नाला "ॲथलेटिक ट्रेनरकडे", म्हणजे खेळाडूंच्या दुखापती बघणाऱ्या तज्ज्ञाकडे, असं उत्तर लगेच आलं, तर मुलाला बिनधास्त खेळू द्या.